दोनदाभाऊ आणि गायब पार्टिशनं

हॉस्पिटलचा डेटाबेस सांभाळणाऱ्या गृहस्थांना ऑफिसात सगळे दोनदाभाऊ म्हणत, कारण ते प्रत्येक गोष्ट दोनदा बघत. घराचं कुलूप ओढून बघण्यात त्यांचा इतका वेळ जाई की बायको तोवर जिना उतरून रिक्षा थांबवून ठेवी.

त्या सकाळी त्यांनी डेटाबेसमधल्या रिपोर्टांच्या टेबलातलं, म्हणजे तक्त्यातलं, एक रिकामं पार्टिशन उडवलं. टेबल अवाढव्य, म्हणून दर महिन्याच्या रिपोर्टांचा कप्पा, म्हणजे पार्टिशन, वेगळं. टेबलाची माहिती दाखवणारी कमांड देऊन पाहिलं, तर बाकीची सगळी जागच्या जागी होती. इथं शहाण्या माणसानं चहाला जावं. भाऊंनी पुन्हा कमांड दिली. आता टेबल दिसलं, पण पार्टिशन एकही नाही!

आणखी नुकसान नको म्हणून भाऊंनी, डॉक्टर जिच्यावर रिपोर्ट बघतात ती सिस्टिमच बंद करून टाकली. लगेच फोन खणखणला.

"पेशंटचे रिपोर्ट दिसत नाहीत!" ऑपरेशन थिएटरमधून सर्जन कडाडले. "भूल द्यायची थांबवलीय मी!"

म्हणजे खरंच गेले! भाऊ धापा टाकत साहेबांकडे पोचले.

"कालचा बॅकअप चढवा!" साहेब ओरडले.

"पण त्या पेशंटचे रिपोर्ट आज सकाळचे आहेत, साहेब. कालच्या बॅकअपमध्ये ते नाहीतच."

आरडाओरडा ऐकून शेजारच्या खोलीतल्या सीनियर ताई आल्या.

"काय टाइप केलंत, दाखवा बरं." सगळे भाऊंच्या जागेवर गेले आणि ताईंनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "अहो भाऊ, पहिल्यांदा कमांडमध्ये अधिकचं चिन्ह दिलंत, दुसऱ्यांदा विसरलात. चिन्ह नसलं की हे मेलं पार्टिशनं दाखवतच नाही."

त्यांनी चिन्ह घालून कमांड दिली. सगळी पार्टिशनं निमूट हजर झाली. भाऊंना रडू यायचंच बाकी होतं.

"मग थिएटरमध्ये रिपोर्ट का दिसेनात?" साहेबांनी विचारलं.

भाऊंनी मान खाली घालून मघाशी स्वतःच बंद केलेली सिस्टिम चालू केली. मिनिटभरात सर्जनांचा फोन आला, तो साहेबांनी घेतला.

"आले, आले! कोणी केलं हे? त्यांना द्या फोन, आभार मानतो."

खाऊ की गिळू अशा नजरेनं बघत साहेबांनी रिसीव्हर पुढे केला.

"त्यात काय एवढं, सर," भाऊ कसेबसे म्हणाले. मग राहवेना. "पण नक्की दिसतायत ना? एकदा बंद करून पुन्हा बघता का?"

साहेबांनी रिसीव्हर हिसकावून घेतला.