वीस मोबाईल आणि एक कढई

वेब सर्व्हर निवडण्यात माझा हात धरणारा अख्ख्या भूम तालुक्यात कुणी नाही! तालुक्यात दुसरं कुणी हा उद्योग करतच नाही, तो भाग वेगळा.

खव्याच्या कढईचं तापमान मोबाईलवर दाखवणारं यंत्र मी बनवलं होतं. यंत्र काडेपेटीएवढं, म्हणून आतला सर्व्हर, म्हणजे मोबाईलला आकड्याचं पान पुरवणारा प्रोग्रॅमही, चिमुकला हवा. शिवाय फुकटचा, ज्याचा कोड कुणीही उघडून बघावा असा. तीन आजमावले. पहिला काडेपेटीत मावेना. दुसरा एका वेळी एकाच मोबाईलशी बोले, बाकीचे रेशनच्या रांगेत. तिसरा मात्र वाघ. किती का मोबाईल येईनात, पान लगेच हजर.

बब्रुवानकाकांच्या भट्टीवर हा टिकला, तर काका पाच यंत्रं घेणार होते. नाही टिकला, तर मी पुण्याला मेव्हण्याच्या दुकानात मोबाईलच्या काचा बदलायला जायचं, असं माझ्या बायकोनं, जास्मिननं, ठरवून टाकलं होतं.

“काका, वीस मोबाईल एकदम लावून बघू,” मी म्हणालो.

काकांच्या बायकोनं, सारजाकाकूंनी, आपला बचत गट बोलावला. एकोणीस मोबाईल जमले. विसावा भट्टीवर कामाला असलेल्या सिताबाईंचा, आणि त्या कढई हलवत होत्या.

“सिताबाई, उलथनं ठेवा, मोबाईल धरा. मी सांगेपर्यंत सोडायचा न्हाय,” मी बजावलं.

वीसच्या वीस मोबाईलवर आकडा आला, ब्याण्णव. पाच मिनिटांनी ब्याण्णव. पंधरा मिनिटांनीही ब्याण्णव. सर्व्हर हलला नाही, आकडाही हलला नाही. मला भरून आलं.

“समद, जळकट वास येतोय रं,” सारजाकाकू म्हणाल्या.

“काकू, ब्याण्णवच हाय. बघा की.”

“मग माझं नाक काय उमरग्याला गेलंय?”

कढईत खवा तपकिरी झाला होता. पानं झटपट मिळावीत म्हणून मीच सर्व्हरला पहिलं पान जपून ठेवायला सांगितलं होतं. तो बिचारा तेच शिळं पान सगळ्यांना वाढत होता.

“तुमीच म्हनला, मोबाईल सोडू नका,” सिताबाई म्हणाल्या. त्यांनी अजूनही सोडला नव्हता.

काकांनी चिमूटभर खवा तोंडात टाकला. मग मूठभर टाकला. मी चपला शोधू लागलो.

“समद, असला खमंग खवा म्या तीस वर्सांत काढला न्हाय. पेढ्याला लई झ्याक. पाच न्हाय, दहा यंत्रं दे. फकस्त एवढं सांग, कढई किती डिग्रीवर गेल्ती?”

मी यंत्राकडे बघितलं. मी सांगण्याआधी बचत गट एका सुरात म्हणाला, “ब्याण्णव.”

दुसऱ्या दिवशी काकांनी कढई ब्याण्णववर धरून दुपारपर्यंत हलवली. दूध पांढरंफेक राहिलं आणि काका लालेलाल झाले.

हे मी पुण्याहून लिहितोय. मेव्हणा माणूस बरा आहे, काचाही बऱ्या जमतात. पण सर्व्हर एकदाही बंद पडला नाही, एवढं मात्र तुम्ही लक्षात ठेवा. इथं कुणी ऐकून घेत नाही.