दोन गाड्या आणि डोरीन

लेकीच्या, शॉनाच्या धाकटीचा एक हातमोजा सापडेना, तेव्हा तो शोधायला कोण जाणार हा प्रश्न कुणालाच पडला नाही. डोरीनच गेली. पहाटे उठून तिनेच सगळ्यांची सँडविचं बांधली होती, दिवसभर सफरचंदांच्या बागेत तिनेच सगळ्यांची जाकिटं वागवली होती. आता उन्हं उतरल्यावर ती झाडांच्या रांगांमधून वाकून वाकून लाल लोकर शोधत फिरली. हातमोजा मिळाला. धापा टाकत ती परत आली, तर गाड्या नव्हत्या.

आधी तिला वाटलं, आपणच चुकीच्या फाटकाने बाहेर आलो. मग नवऱ्याच्या, मर्डॉकच्या गाडीतून नेहमी गळणाऱ्या तेलाचा डाग दिसला. ताजा होता.

झालं होतं ते सरळ होतं. मर्डॉकच्या गाडीत शॉना आणि तिच्या मुली. मुलाच्या, नीलच्या गाडीत सून आणि रडणारं बाळ. मर्डॉकला वाटलं असणार, बाळाला घ्यायला ही तिकडे बसली. नीलला वाटलं असणार, आई बाबांबरोबर, आणखी कुठे जाणार? दोघांनाही विचारायची गरज वाटली नव्हती.

तिची पर्स गाडीत, फोन पर्समध्ये. बागेच्या दुकानात गल्ल्यावरच्या बाईने आपला फोन पुढे केला. पण मुलांचे नंबर हल्ली कुणाला पाठ असतात? डोरीनला स्वतःचा तेवढा येत होता. तिने स्वतःलाच फोन लावला.

"हॅलो?" शॉनाचा आवाज. मागे दोन्ही पोरींची भांडणं रंगात आलेली.

"शॉना, अगं मी आई—"

"आई ना? ती दुसऱ्या गाडीत आहे."

"अगं बाई, मीच—"

"ऐकू येत नाहीये हो काही! बाबा, कुणीतरी बाई आईला विचारतेय."

"सांग तिला," मर्डॉकचा आवाज अगदी स्वच्छ ऐकू आला, "आई कामात आहे म्हणावं."

फोन बंद.

"काय म्हणाले?" गल्ल्यावरच्या बाईने विचारलं.

"मी कामात आहे म्हणे."

बाई हसली. मग डोरीनचा चेहरा पाहून तिने हसू आवरलं आणि न मागताच ॲपल पायचा गरम तुकडा पुढे ठेवला. आज दिवसभरात डोरीनच्या पुढ्यात कुणी आणून ठेवलेला हा पहिला पदार्थ. तिने तो सावकाश खाल्ला. आणखी एक नंबर तिला लग्नाआधीपासून पाठ होता. थोरली बहीण व्हर्ना डोंगरापलीकडे, समुद्रकाठी राहायची.

"कोण गेलं?" व्हर्नाने पहिलं तेच विचारलं.

"कुणी नाही. मला न्यायला येतेस?"

"आत्ता?"

"आत्ता."

"निघाले."

व्हर्ना आली, तिनेही ॲपल पाय मागवला. दोघी खात बसल्या असताना दिवेलागणीला मर्डॉकची गाडी फाटकात शिरली. त्याने खाली न उतरता हॉर्न वाजवला. डोरीन बाहेर गेली.

"काय गं हे! पार घरापर्यंत पोचलो होतो आम्ही!"

"मग?"

"मग काय, दार कशाने उघडणार? किल्ली तुझ्या कोटात! मग कळलं, तू नाहीस. बरं झालं, किल्ली तुझ्याकडे होती. नाहीतर सकाळच्या चहापर्यंत पत्ताच लागला नसता."

तो हे अगदी मायेने बोलला. तिला बरं वाटावं म्हणून.

"आई, बस ना पटकन," मागून शॉना म्हणाली. "पोरी पेंगायला लागल्यात. नील बाळाला घेऊन पायरीवर बसलाय."

डोरीनने खिशातून किल्ली काढली आणि खिडकीतून मर्डॉकच्या तळहातावर ठेवली.

"मी व्हर्नाकडे चाललेय."

"किती दिवस?"

"बघू."

मर्डॉक किल्लीकडे पाहत राहिला. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. काहीतरी उमगत होतं बहुधा. डोरीन थांबली. नाही म्हटलं तरी तिला थोडी आशा वाटलीच.

"आणि जेवायचं काय?" त्याने विचारलं.

"डिकीत सफरचंदं आहेत," डोरीन म्हणाली आणि आत गेली.