हवाबंद हिवाळा

फ्रिज दुरुस्त करण्यात हयात घालवलेल्या माणसाला थंडी म्हणजे काय ते कुणी सांगू नये, असं त्याचं मत होतं. थंडी ही त्याच्या लेखी घरचीच पोरगी. दार नीट लागलं की जिथल्या तिथे राहते.

बायको लेकीच्या बाळंतपणाला निघाली आणि अंगणातल्या मधमाश्यांच्या पेटीचा प्रश्न आला. पेटी तिची. वसंतात उडून चाललेला थवा झाडावरून परत आणायचा, उन्हाळ्यात सावली आणि पाणी, पावसाळ्यात वर पत्रा, सगळं तिनंच पोटच्या पोरांसारखं केलेलं. हिवाळा तेवढा नवऱ्याच्या वाट्याला आला.

"मधाला हात लावू नका, तो त्यांना खायला लागतो. खालचं दार बारीक करा, उंदीर शिरतात. आणि वर वाफ जायला फट ठेवा."

"अगं, मला फट शिकवतेस?"

शिकवायला हवी होती. फट दिसली की या गृहस्थाच्या बोटांना कंड सुटायची. त्यानं जुन्या फ्रिजच्या दाराचं रबर पेटीच्या झाकणाला बसवलं, चारी बाजूंनी थर्मोकोल लावला आणि वरून चिकटपट्टी ओढली. मुंगीनं रीतसर अर्ज केला असता तरी वरून आत शिरता आलं नसतं. खाली बोटभर दार ठेवलं, तेही मोठ्या मनानं.

फोनवर रोज खुशाली जायची. कडाक्याची थंडी पडली तेव्हा तो ऐटीत म्हणाला, "इतक्या गाढ झोपल्यात, पेटीला कान लावला तरी हूं की चूं नाही."

पलीकडून बायको हळूच म्हणाली, "अहो, हिवाळ्यात त्या झोपत नाहीत. गुणगुणत असतात. झाकण उघडा."

त्यानं उघडलं. आतून पाणी ठिबकत होतं. माश्यांच्याच श्वासाची वाफ वर जाऊन गार पडली होती आणि त्यांच्याच अंगावर गळत राहिली होती. चौकटींवर भिजलेल्या माश्यांचा नुसता काळा लगदा. शेजारी मध भरपूर, तसाच. त्यानं एक माशी तळहातावर घेऊन फुंकर घातली. मग दुसरी. मग उगाच तिसरी.

"थंडीनंच गेल्या असतील," तो फोनवर पुटपुटला.

"थंडीनं जात नाहीत हो. एकमेकींना बिलगून निभावतात. ओल सोसत नाही त्यांना."

त्यानं झाकणाच्या रबरावरून बोट फिरवलं.

"पण ऊब कमी पडली नाही ना?"

"नाही," बायको म्हणाली, "तुमच्या कामात तेवढी कसर कधीच नसते."