हौसाक्काचा गोटा आणि दोन रातकिडे

एका जंगलात हौसाक्का नावाची वानरीण राहत होती. गोफण चालवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. वानरिणीला गोफण कुणी दिली, असं विचारू नका, मुलांनो. मोठी माणसं याहून विचित्र गोष्टी सांगतात तेव्हा तुम्ही गुपचूप मान डोलावता, तशीच इथेही डोलवा.

या जंगलाची आणि शेजारच्या जंगलाची दर उन्हाळ्यात पैज लागायची. ओढ्यापलीकडचं मधाचं पोळं जो गोफणीने पाडेल, त्याच्या जंगलाला उन्हाळाभर पाणवठा. हरलेल्यांनी ओला गाळ चाटायचा. हौसाक्काचं पिल्लू अजून कडेवर होतं. तिला ही पैज नुसता खेळ वाटत नसे.

यंदा मधमाश्यांनी पोळं बांधलं ते लांबच्या सागावर. गोटा जाता जाता मंदावतो आणि खाली येतो, हे हौसाक्काला ठाऊक होतं. पण इतक्या लांबवर तो किती मंदावेल आणि नेम किती वर धरावा, हे तिला सांगता येईना. म्हणून वाघमहाराजांनी काम काटेकर सरांकडे दिलं.

काटेकर सर म्हणजे साळिंदर. फार हुशार. ते म्हणाले, गोटा हवेला किती जुमानत नाही, याचा एक आकडा असतो. त्याला त्यांनी बेपर्वाई गुणांक असं नाव दिलं. गोट्याचा वेग आधी जवळ मोजायचा, मग लांब मोजायचा. वाटेत जितका कमी घटेल तितका गोटा बेपर्वा. आकडा हाती आला की नेमही कळतो.

वेग मोजायचं यंत्र सरांनीच केलं होतं. कोळ्याची दोन जाळी, एकापुढे एक. गोट्याने पहिलं फोडलं की रातकिड्याने किरकिर सुरू करायची, दुसरं फोडलं की थांबायचं. मधे किती वेळा किरकिर झाली ते मोजायचं. ती जितकी कमी, तितका गोटा वेगवान. असं एक यंत्र गोफणीपाशी उन्हात ठेवलं आणि दुसरं ओढ्याकाठच्या गार सावलीत.

हौसाक्काने गोटा सोडला. उन्हातल्या रातकिड्याने भरपूर किरकिर केली. सावलीतल्याने जेमतेम निम्मी. सरांनी हिशोब केला, पुसला, पुन्हा केला. गोट्याचा वेग वाटेत चक्क वाढत होता.

एखाद्याने यंत्र तपासलं असतं. पण तोवर बातमी महाराजांपर्यंत गेली होती. आपल्या जंगलाच्या गोट्याला हवा अडवत नाही, उलट मागून ढकलते, अशी दवंडी पिटली गेली. हौसाक्काची हत्तीवरून मिरवणूक निघाली. सरांच्या काट्याकाट्यावर फुलं खोवली. इतकी, की त्यांना धड बसता येईना.

मिरवणूक संपल्यावर सरांनी दोन्ही रातकिडे घरी नेले आणि एकाच पानावर बसवले. दोघे अगदी एका लयीत किरकिरू लागले. तेव्हा सरांच्या लक्षात आलं. उन्हात रातकिडा भराभर किरकिरतो, गारव्यात रेंगाळतो. गोट्याचा वेग वाढलाच नव्हता, रातकिडा गारठला होता.

दुसऱ्या दिवशी सरावाच्या नावाखाली त्यांनी दोन्ही यंत्रं उन्हात ठेवून पुन्हा मोजलं. गोटा चारचौघांसारखाच निघाला. नेम पोळ्याच्या चांगलाच वर धरायला हवा होता. सर धापा टाकत हौसाक्काकडे गेले.

"सर, माझा गोटा वेग घेतो असं तुम्हीच म्हणालात ना?"

"चुकलं माझं, हौसाक्का. तो रातकिडा गारठला होता."

"रातकिडा गारठला म्हणून माझा गोटा मंद होईल होय? मी सरळ पोळ्यावरच नेम धरणार. वर धरला तर लोक म्हणतील, हिचाच हिच्या गोट्यावर भरवसा नाही."

कडेवरचं पिल्लू सरांच्या फुलांशी खेळत होतं. सरांना त्याच्याकडे बघवेना. ते महाराजांकडे गेले. महाराजांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि फुलं परत करणार का, एवढंच विचारलं. सर घरी आले.

पैजेच्या दिवशी सकाळी सरांनी जाहीर केलं की बेपर्वा गोट्याचा एक विधी असतो. गोटा उतरत्या सूर्याला दाखवायचा आणि थेट सूर्यावरच सोडायचा. त्याचा मुहूर्तही त्यांनी काढून दिला. त्या मुहूर्ताला सूर्य पोळ्याच्या नेमका तेवढाच वर असणार होता, जेवढा नेम वर हवा होता. पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

"असं आधी नाही का सांगायचं," हौसाक्का म्हणाली आणि लगेच तयार झाली.

शेजारच्या जंगलाचा गोटा ओढ्यात पडला. मग हौसाक्काने सूर्यावर गोटा सोडला. तो वर गेला, मंदावला, सगळे गोटे येतात तसा खाली आला आणि पोळ्यावर बसला. माश्या पाहुण्यांच्या मागे लागल्या. पाणवठ्यावर पहिलं पाणी हौसाक्काचं पिल्लू प्यालं. सरांना हे बघून रडू आलं, पण फुलांमुळे ते कुणाला दिसलं नाही.

गुणांक खरा ठरला आणि विधीही खरा ठरला, यावर सगळ्या जंगलाचं एकमत झालं. दोन्ही आता तिथल्या शाळेत शिकवतात. दोन रातकिडे एका पानावर बसवायला मात्र महाराजांनी बंदी घातली आहे.

तात्पर्य: मुलांनो, आपली चूक कधी कबूल करत बसू नये. तेवढ्याच मापाची दुसरी चूक उलट दिशेने करावी. माप काढण्यापुरते दोन्ही रातकिडे एका पानावर बसवावेत, पण त्याआधी दार लावून घ्यावं.