अपुरा उजेड

गळ्यात हार घातलेल्या नगरसेवकाला आमच्या गांगुर्डेभाऊंनी एकदा सीमारेषेवर चार चेंडू उभं करून ठेवलं होतं. स्वारी खेळाडूंशी हस्तांदोलन करायला थेट मैदानात शिरत होती. भाऊंनी तळहात दाखवला.

"ओव्हर चालू आहे. मी ‘टाइम’ म्हटल्याशिवाय खेळ थांबत नसतो."

"मला ओळखलं नाही का?"

"ओळखलं. पण तुमची बॅटिंग नाहीये."

भाऊ अंबडच्या कारखान्यात टर्नर होते, मी स्टोअरमध्ये. निवृत्तीनंतर कंपन्यांच्या रविवारच्या सामन्यांना आम्ही दोघं अंपायर. खेळ कधी थांबतो आणि कधी सुरू होतो, एवढा एकच विषय भाऊंनी आयुष्यात पाठ केला होता. ‘प्ले’ म्हणायच्या आधी बोलर धावत सुटला, तर त्याला परत पाठवत. कुत्रं आत शिरलं की ‘डेड बॉल!’ अशी आरोळी ठोकत, की कुत्रंच दचकून पळे.

गेल्या वर्षी ते मला अधूनमधून विचारू लागले, "किती झाले रे?" फलक त्यांच्या समोरच असायचा. मी समजलो, आणि हळूच आकडा सांगत राहिलो.

अंतिम सामन्यात, दुपारी साडेतीनला, पायचीतचं जोरदार अपील झालं. भाऊंनी बराच वेळ समोर पाहिलं. नॉट आऊट दिलं आणि स्टंपांवरच्या बेल्स उचलल्या.

"उजेड कमी आहे. खेळ बंद."

सगळं मैदान हसलं. "काका, टोपी वर करा!" कॅप्टन ओरडला. मंडपात बसलेल्या त्याच नगरसेवकांनी माइक ओढला, "ट्यूबलाइट मागवू का?"

भाऊ ढिम्म. "दोन्ही अंपायरचं एकमत लागतं. त्याला विचारा."

सगळे माझ्याकडे वळले. उन्हानं माझी मान भाजत होती. मी मंडपाकडे पाहिलं आणि म्हणालो, "उजेड आहे, भाऊ."

भाऊ स्टंपांकडे वळले. बेल्स परत ठेवायला गेले. दोनदा खाली पडल्या. शेवटी बोलरनं ठेवल्या. "प्ले," भाऊ म्हणाले. त्यांचा एवढा बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

संध्याकाळी स्पर्धेच्या समितीनं त्यांना अंपायरिंगमधून कायमची विश्रांती दिली. वर शाल, नगरसेवकांच्याच हस्ते.

आठवड्यानं मी त्यांच्या घरी गेलो. वहिनी गेल्यापासून भाऊ एकटेच, मुलगी सटाण्याला. "काचबिंदू आहे," ते म्हणाले. "गेलेली नजर परत येत नाही म्हणे." चहा त्यांनीच केला. ओतताना कपाच्या आत बोट धरलं होतं. बोटाला चहा लागला की थांबायचं. चटका बसला, पण चेहरा हलला नाही.

मला राहवेना. "भाऊ, त्या दिवशी उजेड जरा कमीच होता."

त्यांनी कप माझ्याकडे सरकवला, थोडा चुकीच्या बाजूला.

"हे तिथं बोलला असतास," ते म्हणाले, "तर अजून दोन-चार रविवार निघाले असते."