मुंबईवाले सुंदरराव आणि बंदराचं चित्र

अजमतबी हज करून केजला परतल्या आणि सुंदररावांच्या तोंडचं पाणी पळालं. अजमतबी जहाजात चढल्या होत्या त्या मुंबईच्या बंदरातून, आणि आजवर अख्ख्या केजमध्ये ते बंदर पाहिलेले म्हणजे एकटे सुंदरराव.

खरं तर त्यांनीही पाहिलं नव्हतं. तरुणपणी मुंबईला निघालेले सुंदरराव बार्शीतच पोट बिघडून आडवे झाले आणि तिथल्या बाजारातून बंदराचं चित्र असलेलं एक पोस्टकार्ड घेऊन माघारी आले. त्या कार्डाच्या जिवावर ते 'मुंबईवाले' झाले. धक्क्यावरचा मंडप, समुद्रात उतरणाऱ्या पायऱ्या, सगळं ते रंगवून सांगत. निजामाच्या मोगलाईत समुद्रच नाही, तर पडताळणार कोण?

पडताळायला निघाली ती घरचीच बाई. "कार्ड घ्या अन् चला," विमलबाई म्हणाल्या. "तवाचं बंदर अन् आताचं ताडून बगू." नवऱ्याच्या मुंबईचा डंका त्यांनी पार माहेरापर्यंत वाजवला होता. सुंदररावांनी पोटदुखी काढली, मग चष्मा हरवला. बाईंनी ओवा चारला आणि चष्माही शोधून दिला.

अजमतबींच्या अंगणात खजूर वाटणं चाललं होतं. कार्ड हातोहाती त्यांच्याकडे पोचलं. त्यांनी ते उभं धरलं, आडवं धरलं. सुंदररावांनी मनातल्या मनात देवाला नारळ कबूल केला.

"ह्यातलं कायबी न्हाई तिथं," अजमतबी म्हणाल्या.

सगळ्या माना सुंदररावांकडे वळल्या. विमलबाईंचा चेहरा उतरला.

"मंडप न्हाई, पायऱ्या न्हाई. समदं पाडलं आसंल. भाऊ गेलते तो जमानाच येगळा."

सुंदररावांच्या जिवात जीव आला. लई बदललं, लई बदललं, असं ते दोनदा म्हणाले आणि खजुराला हात घातला. विमलबाईंनी पदर सावरून बायकांकडे एकेक करून पाहून घेतलं.

कार्ड परत देताना अजमतबी हळूच म्हणाल्या, "भाऊ, कुनाला सांगू नका. मला पान्याची लई भीती. जाताना डोळे मिटले, येतानाबी मिटले. बंदर म्या बगितलंच न्हाई. हाय म्हनलं आसतं, तर कसं हाय ते सांगावं लागलं आसतं."

सुंदररावांना त्या सख्ख्या बहिणीसारख्या वाटल्या. "न्हाई सांगत," ते म्हणाले.

तेव्हापासून कुणी बंदराचं विचारलं, की अजमतबी त्याला सुंदररावांकडे धाडत, खरी शान तेव्हाच होती म्हणून. आणि सुंदरराव त्याला परत अजमतबींकडे धाडत, आमचं जुनं झालं म्हणून. विचारणारा दोन अंगणं फिरून घरी जाई, आणि घरच्यांना मुंबईचं बंदर डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगे.