मानाजी अण्णांच्या सैल तारा

मानाजी अण्णांच्या हाती गिटार द्यायची नाही, हे आमच्या बनशंकरीत ज्याच्या-ज्याच्याकडे गिटार आहे त्याला पक्कं ठाऊक आहे. कोपऱ्यावरचा वाद्यांचा दुकानदार तर ते दिसले की आधी भिंतीवरच्या गिटारी आत नेतो. अण्णा विकत काही घेत नाहीत. गिटार मांडीवर घेतात, कान लावतात आणि खुंट्या पिळून तीन-चार तारा सैल करून ठेवतात. दुकानदाराने आवाज चढवला तर शांतपणे म्हणतात, "स्वल्प सैल सोडा हो. सगळंच ताणून कशाला ठेवायचं?"

'स्वल्प सैल सोडा' हे त्यांचं सगळ्या रोगांवरचं औषध. माझी घट्ट वेणी, वॉचमनचा पट्टा, माझ्या नवऱ्याचा रक्तदाब, सोसायटीतली पार्किंगची भांडणं, सगळ्याला हाच काढा. आणि हे सांगणार कोण, तर ज्याने तीस वर्षं होसकोट्याच्या कारखान्यात स्प्रिंगा ताणून तपासल्या तो माणूस. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलं. त्यामुळे त्यांचं मराठी माझ्या पुणेरी मराठीपेक्षा जुनं आहे, आणि मी ते दुरुस्त करायला गेले की ते नुसतं "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणून हसतात.

ते चौथ्या मजल्यावर, मी बरोबर खाली तिसऱ्यावर, पण त्यांच्या घरात मी कधी गेले नव्हते. वरून दिवसभर 'हूं' असा एकसुरी आवाज यायचा. मला वाटलं, पाइपात हवा अडकली असेल. प्लंबरला दोनदा बोलावलं. त्याने दोन्ही वेळा नळ बदलला आणि आवाज होता तिथेच राहिला.

आता माझं गिटारपुराण. चाळिशी उलटल्यावर, ऑफिसच्या गॅदरिंगमध्ये वाजवायचं म्हणून मी गिटारचा क्लास लावला. मला सुरातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. गिटारच्या दांडीवर कपाळाच्या टिकल्या चिकटवून, त्या बघून मी बोटं ठेवायची. असं चार महिन्यांत एक गाणं बसवलं. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी अण्णा आमचा डबा परत द्यायला आले. गिटार सोफ्यावर होती आणि मी कॉफी करायला आत गेले. बस्स, तेवढा वेळ त्यांना पुरला.

दुसऱ्या दिवशी मी दोनशे माणसांसमोर, टिकल्यांवर अचूक बोटं ठेवून, ते गाणं संपूर्ण वाजवलं. समोरचे चेहरे बघून वाटलं, लोक भारावले आहेत. खाली उतरल्यावर मॅनेजरने हळूच विचारलं की तुमची तब्येत बरी आहे ना. क्लासच्या सरांना फोन केला, त्यांनी तारा वाजवून घेतल्या आणि कुणी हात लावला होता का म्हणून विचारलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. तशीच उठले आणि चार शब्द सुनावायला चौथ्या मजल्यावर गेले.

दार उघडंच होतं. खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत एक म्हातारी बाई बसली होती आणि तो 'हूं' तिच्या तोंडून येत होता. अण्णा समोर गिटार घेऊन बसले होते. तार न दाबता त्यांनी हात फिरवला. माझ्या गिटारीवर असं केलं की सहा तारा सहा दिशांना बोलतात. ह्या सगळ्या एकमेकींना धरून बोलल्या, आणि आवाज खोलीत बराच वेळ राहिला. त्यात बाईंचा 'हूं' इतका बेमालूम मिसळला, की माझ्यासारख्या औरंगजेबालाही ते गाणं वाटलं. मी भांडायचं विसरले.

त्या त्यांच्या थोरल्या बहीण, अक्का. आई लवकर गेली, अण्णांना अक्कांनीच वाढवलं. दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, सगळे शब्द गेले आणि हा एक सूर तेवढा उरला. अण्णा तारा सैल करून अक्कांच्या सुराला जुळवायचे. मार्चमध्ये एकदा, कुठलीतरी तार जरा जास्तच सैल झाली असताना, अक्का आपला सूर सोडून दुसऱ्या सुरावर गेल्या. आणि भावाकडे बघितलं त्यांनी, नीट, ओळखून. तीस वर्षं एकेका स्प्रिंगेचं माप लिहून ठेवणाऱ्या अण्णांनी नेमकं त्या दिवशी, कुठली तार किती सैल होती, ते लिहून ठेवलं नाही. तेव्हापासून दिसेल त्या गिटारीवर ते ती जुळणी शोधत होते.

आणि दिवस थोडे राहिले होते. अक्कांचा मुलगा विनय सर्जापूर रोडला राहतो. त्याने तिकडे एक शुश्रूषागृह पाहिलं होतं. मुलगा वाईट नाही. सत्तरीच्या मामाला आईला उचलणं झेपत नाही, हे त्याला दिसत होतं. आई आता त्या शरीरात उरलेलीच नाही, असं तो म्हणायचा. "येत्या रविवारी ती मला एकदा जरी उत्तर देताना दिसली, तर राहू दे इथेच," एवढं त्याने कबूल केलं होतं.

रविवारी अण्णांनी मलाही बोलावलं. तासभर ते वाजवत होते, तार सोडत होते, पुन्हा वाजवत होते. अक्का गप्प. दिवसभर चालणारा 'हूं'सुद्धा त्या दिवशी बंद. शेवटी विनयने डोळे पुसले आणि बॅग उचलली. अण्णा खाली आले नाहीत. आलो तर हात सुटणार नाही, म्हणाले. म्हणून खुर्चीबरोबर लिफ्टमधून मी गेले.

परत वर आले तर ते दारातच उभे होते.

"लिफ्टमध्ये काही बोलली?"

काहीच बोलल्या नव्हत्या. पण त्यांच्या तोंडाकडे बघून मला नाही म्हणवेना. "हो," मी म्हटलं. "एक सूर काढला, मग दुसरा."

"दुसरा वर गेला, का खाली?"

आली का पंचाईत. "वर," मी म्हटलं.

अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अक्काचा खाली जातो, ताई. असू दे. कुणीतरी ऐकलं म्हणालं, तेवढं पुरे."

मला रडूच आलं. ते आत वळले. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला.

"बसा. कॉफी दोघांची टाकली आहे. एकाची किती टाकायची, ते मला ठाऊक नाही."

मी बसले.